शंभर किलोमीटरनंतर ये

राजधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात नववीच्या वर्गाला जडत्व शिकवत होतो. फोन धुळ्याहून, माझ्या धाकट्या भावाचा, संजूचा. "दादा, राजधरभाऊ गेला रे. गॅरेजमध्येच. गाडीखालून बाहेर आला, पाणी मागितलं आणि बसल्या जागी..."  मी वर्ग तसाच सोडून स्टँडवर आलो, मिळेल त्या बसमध्ये चढलो आणि पारोळा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडलो. हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या मास्तराला मित्राच्या जाण्याचं काही वाटलंच नाही. वाटलं होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

राजधर आणि मी धुळ्याच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. मी विज्ञानाचा मास्तर होऊन जळगावला गेलो, तो दहावीत गणितात उडाला आणि आग्रा रोडच्या एका गॅरेजात गाड्यांखाली शिरला. पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. चाकांच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या धुळ्यात नव्हता, हे मी म्हणत नाही, बाकीचे गॅरेजवालेच म्हणायचे. गिऱ्हाईक कलेक्टर कचेरीतला साहेब असो की केळीचा व्यापारी, बोलायचा अहिराणीतच आणि बोलायचा तोंडावर. एका डॉक्टरांना त्यानं माझ्यादेखत सांगितलं होतं, "डॉक्टरसाहेब, गाडीले काही व्हयेल नही. तुम्हले चालावता येत नही." डॉक्टर लाल झाले, पण दुसऱ्या वर्षी गाडी घेऊन त्याच्याकडेच आले. असा माणूस. हा मेला तरी खोटं बोलणार नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो... आता ते आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

सहा वर्षांपूर्वी मला गाडीचं खूळ लागलं. सेकंडहँड जीप घेतली, तिला रुंद टायर चढवले. दिसायला झकास, पण स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर आतल्या बाजूला घासायचं, खर्र खर्र आवाज यायचा. कुणीतरी सांगितलं, स्पेसर टाका. चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये ही धातूची चकती बसते आणि चाक तेवढंच बाहेर येतं. मी गाडी घेऊन राजधरकडे. तो ऐकूनच वैतागला. "भो, तुन्हा टायर जाडा शे. टायर बदल, चकती कसाले पाहिजे?" मी ऐकतोय होय! तीन रविवार डोकं खाल्लं त्याचं. शेवटी म्हणाला, बरं, टाकू, पण माझ्या पद्धतीनं. घरात जाऊन वहिनींकडून कणकेचा गोळा घेऊन आला. वहिनी मागून ओरडल्या, "आता काय गाडीला पोळ्या खाऊ घालता का?" टायर जिथं घासत होतं तिथं त्यानं कणीक चिकटवली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं, मग खाली वाकून कणीक किती दबली ते पट्टीनं मोजलं. दहा मिलिमीटरची चकती पुरणार नाही आणि वीसची नको, बेअरिंगवर जास्त भार येतो. पंधराची घेऊ. चकतीचं मधलं भोक हबवर गच्च बसलं पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. आणि पंधराची चकती मध्ये आली की हबचे मूळचे बोल्ट तोकडे पडतात, ते ठोकून काढायचे आणि लांब बोल्ट घालायचे. "नट हातानं कमीत कमी आठ येढा फिरना पाहिजे," तो म्हणाला. येढा म्हणजे पुरता फेरा, त्याहून कमी फिरला तर नटाला धरायला बोल्टच उरत नाही. "आठ येढा नही फिरना, ते चाक तुन्हं नही." मी विज्ञानाचा मास्तर, पण त्या दिवशी त्याच्यापुढे पोरासारखा उभा राहून ऐकत होतो.

मला गाडी दसऱ्याला हवी होती. दसऱ्याला दारात गाडी उभी करून पूजा करायची, झेंडूची माळ घालायची आणि आळीतल्या चार लोकांनी "वा, सर!" म्हणायचं, एवढीच हौस. अष्टमीला सकाळी गाडी राजधरच्या गॅरेजात लावली आणि खंडेनवमीला आणायला गेलो. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. राजधर याबाबतीत फार कडक होता. हातोडे, छिन्न्या, पाने, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलेलं, त्यावर हळदकुंकू, आपट्याची पानं. दसरा उलटेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही, त्याच्या बापापासूनचा रिवाज. मी पोहोचलो तेव्हा तो माझ्या जीपमधल्याच पान्यानं शेवटच्या चाकाचे नट आवळत होता. मी हसून म्हटलं, हे कसं चालतं रे? म्हणाला, "हाऊ पाना तुन्हा शे, पूजामा मन्हा शेत." मी विचारलं, लांब बोल्ट टाकलेस? माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल संध्याकाळलेच ठोकी दिधात. बठ्ठं बरोबर शे. फक्त शंभर किलोमीटर झाले की परत ये. नट पाहवा लागतीन." मग चहा झाला. मी गाडी काढली, तर रस्त्यापर्यंत मागं मागं आला आणि खिडकीत वाकून पुन्हा म्हणाला, "येशील ना भो? शंभरनंतर?" मी म्हटलं, येतो रे बाबा, किती मागं लागतोस.

मी गेलो नाही. धुळे-जळगाव एका फेरीतच शंभराच्या जवळ गेलो होतो. दसरा झाला, दोनदा जामनेरला जाऊन आलो, गाडी मस्त चालत होती, टायर घासत नव्हतं. कशाला जायचं लगेच, जाऊ पुढच्या रविवारी. त्या आठवड्यात धुळ्याला गेलो तो संजूकडे, कामासाठी. त्याला नरडाण्याला सोडायचं होतं. संजू बस चालवायचा, पंधरा वर्षांत एक ओरखडा नाही. त्या दिवशी तो शेजारी बसला होता आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं. नरडाण्याच्या अलीकडे डाव्या बाजूचं पुढचं चाक निघालं. चाक आमच्या पुढे धावताना मला दिसलं आणि ते आपलंच आहे हे कळायच्या आत गाडी खाली जाऊन मोरीच्या कठड्यावर आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. संजूच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. तीन ऑपरेशनं झाली, पाय वाचला, पण गुडघा आजतागायत वाकत नाही. त्याची ड्रायव्हरकी गेली. आता तो डेपोत टेबलाशी बसून पावत्या फाडतो.

गाडी राजधरनंच ओढून नेली. दवाखान्याच्या जिन्यात मी त्याला विचारलं, कसं झालं रे हे? खाली मान घालून तो म्हणाला, "नट सैल व्हयनात, भो. तू ऊनाच नही ना शंभरनंतर..." बस. तू आलाच नाहीस, तेवढंच. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली आहेत. आईनं मरताना माझ्याकडे बघितलं तेव्हा मला तेच ऐकू आलं. संजूच्या बायकोनं कधी शब्दानं दुखवलं नाही, तरी तिच्या हातचा चहा घशाखाली उतरायचा नाही. जीप भंगारात घातली, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आणि या सगळ्या काळात मला धीर कुणी दिला? राजधरनं! मी त्याच्या गॅरेजातल्या बाकड्यावर बसून "माझ्या आळसानं भावाचा पाय गेला" म्हणून रडायचो आणि तो पाठीवर हात ठेवून बसायचा. एकदा तर त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय जिवाला जीव देणारा माणूस आहे.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. गॅरेज भाड्यानं देताहेत, म्हणून कपाट आवरायला काढलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, यावर तुमचं नाव आहे, म्हणून टाकलं नाही." एक पुडकं, सील न फोडलेलं. वर राजधरच्या गिचमिड अक्षरात माझं नाव आणि खाली 'जीप, पुढचे दोन्ही'. मी तिथंच फोडलं. आत लांब बोल्ट. नवे कोरे, तेल लावलेले, दहा. माझ्या जीपच्या पुढच्या दोन चाकांना मिळून दहाच लागायचे. मी एक एक करून मोजले, पुन्हा मोजले. वहिनी विचारत होत्या, काय झालं, काय झालं. म्हणजे बोल्ट बदललेच नव्हते. तोकड्या बोल्टांवर पंधराची चकती, आणि वर नट... किती येढे फिरले असतील? तीन? चार? मी शंभर किलोमीटरनंतर गेलो असतो आणि त्यानं ते नट नुसते आवळले असते, तरी ते चाक टिकणारं नव्हतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तिथून मी पुडकं घेऊन तडक संजूकडे गेलो. डोक्यात नुसती आग. त्याच्यासमोर टेबलावर बोल्ट ओतले आणि म्हटलं, बघ, तुझ्या राजधरभाऊचे प्रताप बघ. संजूनं बोल्टांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर आश्चर्य नाही, काही नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं," तो म्हणाला. "मी दवाखान्यात होतो तेव्हाच तो आला होता. तू जळगावला गेला होतास. माझे पाय धरले त्यानं, चांगला पायसुद्धा."

मग संजूनं सगळं सांगितलं. अष्टमीला कामाची गर्दी, बोल्ट आले ते संध्याकाळी उशिरा. नवमीला हातोडा पूजेत, उसना आणावा तर बाकी गॅरेजांतलेही पूजेत. बोल्ट ठोकायचे तर हातोडा पाटावरून उचलावा लागणार, आणि ते राजधरकडून होईना. मी तर दसऱ्यासाठी दारात हजर. म्हणून त्यानं जुन्याच बोल्टांवर चाकं चढवली. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, दसरा झाला की तपासायच्या निमित्तानं बोलावू आणि गुपचूप बोल्ट बदलू, असा त्याचा हिशोब. अरे, मग सांगायचं ना मला! "हातोडा पूजेत आहे, गाडी आज मिळणार नाही," एवढं एक वाक्य. डॉक्टरला तोंडावर बोलणारा हा माणूस, त्याला माझी दसऱ्याची हौस मोडवेना! आणि मोडला कुणाचा पाय? बरं, झालं ते झालं. पण त्यानंतर सहा वर्षं? बाकड्यावर मी हमसून रडत होतो, तेव्हा पाठीवर हात ठेवायच्या ऐवजी तोंड का नाही उघडलं? गेलास राजधर, सुटलास. आता भांडू कुणाशी?

"आणि तू?" मी संजूवर ओरडलो. "तू का नाही सांगितलंस? तुझा सख्खा भाऊ आहे मी. दोघांनी मिळून मला उल्लू बनवलंत!"

संजूनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आधी त्यानं शपथ घातली म्हणून. नंतर... दादा, अपघाताच्या आधी तू माझ्याकडे वर्षातून दोनदा यायचास. एकदा दिवाळीला, एकदा वडिलांच्या श्राद्धाला. पाय मोडला तेव्हापासून एक रविवार चुकवला नाहीस. मला वाटलं, सांगितलं तर यायचा बंद होशील."

 खोटं नव्हतं ते. मी बोल्ट गोळा करायला लागलो. संजूच म्हणाला, "तोही यायचा. गुरुवारी गॅरेज बंद असायचं ना. तेल आणायचा, तासभर पाय चोळून द्यायचा. तू रविवारी, तो गुरुवारी. सहा वर्षांत तुम्ही दोघं इथं एकदाही समोरासमोर आला नाहीत, तो बरोबर काळजी घ्यायचा." आणि मग, "आता गुरुवार फार मोठा वाटतो, दादा."

परवा रविवारी मी गेलो होतो. संजूच्या बायकोनं चहा दिला, तो प्यायलो. निघताना संजूनं हळूच विचारलं, गुरुवारी जमेल का? शाळेतून लवकर सुटतो मी गुरुवारी, जमण्यासारखं आहे. पण नाही म्हणालो. रविवार माझा आहे, तो मी मरेपर्यंत चुकवणार नाही, आता तर अपराधी म्हणून नाही, भाऊ म्हणून येईन. गुरुवार त्याचा होता. त्याच्या जागी बसून तो पाय मी चोळणार नाही, इतका मोठा मी नाही. तो वार रिकामाच राहू दे, राजधर.