श्वासांच्या रकान्यातले वीस

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी काय शिकवतात असं कोणी विचारलं की मी सांगते, हात धुणं. लोक हसतात. पण खरंच, पहिले पंधरा दिवस आम्ही हातच धूत होतो. मग पलंगावर चादर घालणं. तिचा कोपरा असा दुमडायचा की पेशंट रात्रभर तळमळला तरी निघता कामा नये. मग अंथरुणावरच्या माणसाचं अंग पुसणं, भांडं देणं, ताप बघणं, नाडी बघणं, श्वास मोजणं. यातलं श्वास मोजणं मी केलं नाही. येत नव्हतं म्हणून नाही. येत होतं, केलं नाही. मला त्याची लाज वाटते आणि घरी अजून मी हे बोललेले नाही.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. बाबा शाळेत शिकवतात. मी डॉक्टर होणार असं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. मार्क कमी पडले आणि मी नर्सिंगला आले, तेही तोंड फुगवून. वर्गात पुस्तक इंग्रजीत, शिकवणं हिंदीत, आणि वॉर्डात अर्ध्या बाया आमच्यासारखं मराठी बोलणाऱ्या. त्यामुळे माझा भाव वधारला होता. कोणत्या बाईला काय होतंय हे आमच्या शिकवणाऱ्या मॅडमना कळलं नाही की मला हाक. मला ते फार आवडायचं. चादरी घालायला आलेली पोर एकदम दुभाषी झाली म्हटल्यावर डोक्यात हवा जाणारच.

श्वास मोजायची एक गंमत आहे. तो पेशंटला न सांगता मोजतात. सांगितलं की माणूस उगाच मोठे मोठे श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची आणि एक डोळा घड्याळावर, एक छातीवर. पूर्ण एक मिनिट. मॅडमनी हे आम्हाला वॉर्डातल्या एका बाईवर करून दाखवलं.

ती जवळच्या फोपनार गावची. केळीच्या बागेत घड उतरवायला आणि धुवायला जायची. पन्नाशीची असेल, खोकला आणि तापाने भरती झालेली. पहिल्या दिवशी मी तिचे हात पुसायला घेतले तर बोटं काळी. मी स्पिरिट लावून घासघास घासली. ती बघत राहिली आणि मग म्हणाली, "अव माय, तो केळीचा चीक हाये. कातडं निंगन, तो नाई निंगनार." शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा हसली. मी ओशाळले. पण त्या दिवसापासून ती मला 'माय' आणि मी तिला 'मावशी', असं जमलं.

मॅडमचं शिकवणं झाल्यावर तिने मला हळूच विचारलं, "त्या बाई माह्या छातीकडे काऊन पाहत होत्या?" आणि मी शहाणीने तिला सगळं सांगितलं. नाडीचं नाटक, घड्याळ, एक मिनिट, सगळं. तिला फार मजा वाटली.

आता खरी गोष्ट. वॉर्डात सकाळी आम्हा पोरींच्या वाटणीला दहा-बारा पेशंट यायचे. प्रत्येकीचा ताप, नाडी, श्वास, बीपी, आणि हे सगळं दहाच्या राउंडच्या आत तक्त्यावर. एकेकीच्या श्वासाला एक मिनिट म्हणजे दहा-बारा मिनिटं नुसतं छातीकडे बघत उभं राहायचं. सीनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात कानमंत्र दिला होता, "पागल है क्या, बीस लिख दे." वीस म्हणजे चांगला श्वास. वीस लिहिलं की कोणी काही विचारत नाही. मग आमच्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास वीस. म्हातारीचा वीस, पोटुशीचा वीस, दम्याच्या बाईचाही वीस. बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं मशीन एकच होतं आणि ते सिस्टरच्या कपाटात कुलपात. मागायला गेलं की ओरडा खावा लागायचा, म्हणून आम्ही जायचोच नाही.

मावशीचा श्वास मी पहिल्या दिवशी वीस लिहिला. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा वाढदिवस होता आणि तिने मावा जिलेबी आणली होती. सगळ्या जणी दाराशी उभ्या राहून मला खुणावत होत्या, चल ना लवकर, संपेल. मी मावशीचं मनगट धरलं. नाडी मोजली, तीही अर्धवट. ती काहीतरी सांगत होती, नातवाच्या शाळेचं. "त्याले म्हटलं…" म्हणून थांबली. श्वास घेतला. "…शाळेत जाय…" पुन्हा थांबली. मला ते कळलं. हे मी लपवणार नाही. एक वाक्य तिला एका दमात बोलता येत नाहीये, हे मला कळलं. आणि मी वीस लिहिलं आणि जिलेबी खायला गेले.

राउंडला डॉक्टर आले. तक्ता उचलला. तीन दिवसांचा ताप उतरत आलेला, श्वास वीस, वीस, वीस. "बढिया है अम्मा. कल छुट्टी." मावशीचा मोठा मुलगा भेटीच्या वेळेला आला होता, त्याचा चेहरा खुलला. मी तक्ता धरायला डॉक्टरांच्या शेजारीच उभी होते. तोंड उघडायचं होतं फक्त. सर, एकदा परत मोजू का, एवढंच. पण मग त्यांनी विचारलं असतं, आधी मोजलं नव्हतं का? आणि सगळ्यांसमोर माझी शोभा झाली असती. मावशी उद्या घरी जाणार, तिथे दवाखाना नाही, तिला दम लागलाय, हे सगळं मला दिसत होतं. तरी मी गप्प बसले. तक्ता पलंगाला अडकवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

बाराच्या सुमाराला मॅडम तक्ते तपासायला आल्या. दोन-चार तक्ते चाळले आणि म्हणाल्या, "क्यों, पूरा वॉर्ड एक साथ साँस ले रहा है क्या?" आम्ही माना खाली घातल्या. मग त्या मावशीजवळ गेल्या. का कोण जाणे, तिच्याचकडे. तिचं मनगट धरून पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. मग त्यांनी आकडा सांगितला. छत्तीस.

सिस्टर धावली, कपाटातलं मशीन निघालं, ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणला, मावशीच्या तोंडाला मास्क लावला. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "दस बजे तुमने गिना था?"

"जी मॅडम."

"पूरा मिनिट?"

"जी."

माझा आवाज अजिबात कापला नाही. याचंच मला आजही सगळ्यात वाईट वाटतं. मॅडमचा विश्वास बसला नसावा. त्या मावशीकडे वाकल्या. "अम्मा, इस लडकी ने आपकी साँस गिनी थी? सच बताना."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. मीच तर तिला शिकवलं होतं मोजताना कुठे बघतात ते, आणि माझे डोळे सकाळभर दाराकडे होते. तिने मास्क बाजूला केला. "हाँ बाई," ती म्हणाली. दम घेतला. "गिनी." पुन्हा दम घेतला. "घडी देखके."

माझ्या जिवात जीव आला. हो, जिवात जीव आला, त्या बाईचा जीव जात असताना!

पण त्या उत्तराने आणखी घोळ झाला. मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं की दोन तासांत वीसवरून छत्तीसवर गेलीय. डॉक्टर म्हणाले, एकदम एवढं कसं वाढलं, हृदयाचं तर नाही? मग ईसीजी काढा, हृदयाची सुई लावा, हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. तासभर सगळे हृदयाच्या मागे. आणि हृदय धडधाकट! शेवटी छातीचा फोटो काढला तेव्हा एका बाजूला पू भरलेला दिसला. एका दिवसात तो एवढा भरत नाही, असं डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले आणि तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. मी तिथेच सुया असलेला ट्रे धरून उभी होते. तेव्हाही बोलले नाही. तिसऱ्यांदा खरं लपवलं. संध्याकाळी तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

ती वाचली. छातीत नळी घालून पू काढावा लागला, पंधरा-वीस दिवस तिकडे होती, पण वाचली. ते कळेपर्यंत मी अर्धं ताट टाकून उठायचे. आई म्हणायची, होस्टेलच्या मुली बऱ्या, तू घरात राहून वाळत चाललीस. मग कळलं की वाचली, आणि मी हळूहळू स्वतःची समजूत घालायला लागले. मी खरं मोजायला लागले होते, एकेक मिनिट, मैत्रिणी चिडवायच्या तरी. आणि मनात एक गोष्ट रचली होती. मावशीने मला वाचवलं. आपल्या पोरीला सांभाळून घेतात तसं, श्वास पुरत नसताना माझ्यासाठी खोटं बोलली. केवढं मन त्या बाईचं! हे आठवून मी रडायचे, आणि रडून झालं की मला बरं वाटायचं.

दीड महिन्याने एका रविवारी मी फोपनारला गेले. म्हटलं, पाय धरावेत आणि सगळं सांगावं. ती ओट्यावर बसली होती, निम्मी झालेली. मला बघून उठायला लागली, मी बसवलं. सून चहा ठेवायला आत गेली तशी मी घाईघाईने बोलून टाकलं. मावशी, मी मोजलं नव्हतं. तिन्ही दिवस मोजलं नव्हतं.

"मले ठाव हाये," ती म्हणाली.

"आणि तरी तू माझ्यासाठी मॅडमला हो म्हणालीस. तुझी केवढी माया…"

ती आत सुनेकडे एकदा बघून हळू आवाजात बोलली. "माया कशाची व? दोन दिवसांची तुही-माही ओळख. मी तुमच्या हातात होती. पोराले आत थांबू देत नव्हते. पानी तुमीच देनार, भांडं तुमीच देनार. तुले खोटी पाडली असती, तं मंग माह्याजवळ कोन आलं असतं? मले तुहं भेव वाटलं."

मी एकोणीस वर्षांची. पाल दिसली तर खुर्चीवर चढणारी. माझी कोणाला भीती वाटेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तिची ती भीती मी दीड महिना माया समजून बसले होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. माफी मागायला गेले होते, ती राहिली आणि मी उठायला लागले.

माझा चेहरा पाहून ती गडबडली. माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि घाईघाईने म्हणाली, "राग नको धरू व माय. चुकून बोलली मी. मले पुना कधी तुमच्याच दवाखान्यात यावं लागन."