खोकीवाल्या ज्योतीरामची होडी

चाकणच्या एका कंपनीत ज्योतीराम सोळा वर्षं खोकी ठोकतोय. यंत्रांचे भाग परदेशी जातात, त्यांच्यासाठी लाकडाची भलीमोठी खोकी. त्याचं खोकं ट्रकमधून पडलं तर रस्ता फुटेल, खोकं फुटणार नाही, असं सगळी शिफ्ट म्हणते. हा गडी लाजायचं सोडून मान डोलावतो.

घरी मात्र त्याने एक घोळ घालून ठेवला होता. "माझं काम जहाजानं जातं," असं तो आठ वर्षांच्या सायलीला जेवताना सांगायचा. पोरीने ते शाळेत नेईपर्यंत त्याचं "माझे पप्पा जहाजं बनवतात" झालं. ज्योतीरामच्या कानावर आलं तेव्हाच त्याने ते दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही. बरं वाटलं ना ऐकायला!

आणि मग चिखलीतल्या त्यांच्या सोसायटीने मुलांसाठी होड्यांची शर्यत काढली. गणपती विसर्जनाचा हौद धुऊन भरायचा, पोरांनी आईबापांबरोबर लाकडाची होडी करायची, आणि वाऱ्यासाठी मंडपवाल्याचा उभा पंखा आणायचा. सायलीने जिन्यातच जाहीर केलं, "आमची खऱ्या जहाजासारखी असणार!" ज्योतीरामला आपला घोळ आठवला. होडी फसली तर पोर चारचौघांत खोटी पडणार होती, आणि तिला खोटं पाडणारा बाप तोच.

सायलीने मोबाइलवर सोप्यातली सोपी कृती शोधली. एक फळी, पुढून निमुळती, मधोमध काठी, वर शीड.

"हा तर पाटच झाला की!" ज्योतीरामने नाक मुरडलं. "आपण दमदार करू."

सुपरवायझरला विचारून त्याने पाइनचे तुकडे आणले. सायलीने पॉलिश पेपरने घासून घासून बोटं लाल केली. ती खिळा धरायची, तो ठोकायचा. अठ्ठावीस खिळे बसले. कोपऱ्यांना जड लोखंडी पट्ट्या आल्या, शिडाला बायकोचा, स्वरूपाचा, ओटीत आलेला ब्लाउजपीस लागला. कंपनीच्या सवयीने त्याने बाजूला वर जाणारा बाण आणि छत्रीची खूण रंगवली. छत्री म्हणजे माल पाण्यापासून जपा. होडीवर! शेवटचा हात म्हणून त्याने ड्रिल फिरवलं आणि लाकडाचा भुसा फुंकला.

मग चाचणी. म्हणजे काय, तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून होडी खाली सोडली. खालच्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीचे तुकडे झाले. होडीला ओरखडा नाही.

"अवो, पाण्यात घालून बघितली का?" स्वरूपाने विचारलं.

"पाणी काय खिळे उपटतंय का?" ज्योतीराम तोऱ्यात म्हणाला.

रविवारी सकाळी हौदाभोवती सगळी सोसायटी जमली. पंखा सुरू झाला. शेजारच्या सार्थकची पाटासारखी होडी सुळकन निघाली. सायलीने आपली सोडली. ती टाकल्या जागी खाली गेली आणि तळाला जाऊन सरळ उभी राहिली. बाण वरच होता.

सायलीने बाही वर करून ती बाहेर काढली आणि उलटी धरली. चार धारा लागल्या.

"पप्पा, खाली भोकं का पाडलीत?"

"पाणी निघून जायला," ज्योतीराम म्हणाला. समुद्रातून जाणाऱ्या खोक्याच्या तळाला भोकं लागतातच. सोळा वर्षांची सवय. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचे कान तापले.

लोक पोट धरून हसले. सार्थक म्हणाला, "तुझे पप्पा तर जहाजं बनवतात ना?"

सायली मान खाली घालून ओलं शीड पिळत राहिली. ज्योतीरामला ते बघवेना. "न्हाई रे बाळा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या खोकी करतो. जहाजात जात्यात ती. हिला म्या नीट सांगितलंच न्हाई. चूक माझी हाय."

सायलीने बापाकडे पाहिलं, मग सार्थकला म्हणाली, "खोलीएवढी खोकी. आणि बघ, ही होडी वरून पडली तरी एक खिळा निघाला नाही." मग आईकडे वळली. "मम्मी, कणीक आण."

पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेने चार भोकं बुजली. होडी काठापर्यंत बुडून, पण तरंगली. तोवर बक्षिसं वाटून झाली होती आणि मंडपवाला पंखा घेऊन गेला होता. मग बापलेक हौदाच्या काठावर पालथे पडून फुंकर घालत राहिले. पाऊण तासाने होडी पलीकडे लागली. टाळ्या वाजवायला स्वरूपा होती, तीही लाटणं हातात घेऊन.

सोमवारी सायलीने वर्गात उभं राहून सांगितलं, "माझे पप्पा जहाजं नाही बनवत, खोकी बनवतात. त्यातलं एक तरंगतं."