लाल कापडाखालचा गेटवे

वणीजवळच्या एका खाजगी कोळसा डेपोत मी कॉम्प्युटर सांभाळतो. आतल्या एसी खोलीत मोठं यंत्र आहे, डेपोचा सगळा कारभार त्यात. बाहेर टेबलांवर साधे पीसी. या पीसींना त्या यंत्राशी थेट बोलता येत नसे, म्हणून मध्ये एक जुनाट कॉम्प्युटर बसवला होता. त्याला गेटवे म्हणायचे. तो अडला की डेपो अडला, आणि शिव्या मला! शेवटी मालकांनी त्याच्या जागी नवा डबा मंजूर केला.

काम ठरलं खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, गाड्या बंद. सकाळी मी जुना गेटवे बंद केला आणि नव्याला नेटवर्कवरचा त्याचाच पत्ता दिला, म्हणजे एकेका पीसीत जाऊन बदल करायला नको. सगळं तपासलं, झकास चाललं. "जुन्याले पूजेपुरता राहू द्या जागेवर, लई वर्षं राबला तो," मॅनेजर म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. वायर उपसून ठेवायला निघालो, तर म्हणाले, "हात नका लावू आता, हळदी-कुंकू मांडून राह्यलो."

दसरा झाल्यावर गेट उघडलं आणि घोळ सुरू झाला. पासाशिवाय कोळशाची गाडी सुटत नाही, आणि पास निघतो मोठ्या यंत्रातूनच. हाती लिहिलेला पास चोऱ्यांपायी गेटवर चालत नाही. स्क्रीन लागे, पास निघेल असं वाटे, की संपर्क तुटे. पुन्हा लागे, पुन्हा तुटे.

रांगेत पहिली गाडी आर्णीच्या एका ड्रायव्हरची. पन्नाशीचा, शांत माणूस. तो खिडकीशी आला. "साहेब, अब्बा गेले सकाळी. दुपारच्या नमाजानंतर मिट्टी हाय गावच्या कबरस्तानात. गाडी धाब्यावर लावून देतो, साडू मोटरसायकल घेऊन उभा हाय बाहेर. तेवढा पास काढा."

मी मॅनेजरांना म्हटलं, गाडी इथंच राहू द्या, माणसाला सोडा. "भरली गाडी सोडून ड्रायव्हर जात नसते. उद्या कोळसा कमी भरला तर कोण जबाबदार? पाच मिनिटात होते सारं," ते म्हणाले. कसली पाच मिनिटं, बाप्पा! मी नवा डबा तीनदा बंद-चालू केला, वायरी बदलल्या, घाम फुटला. ड्रायव्हर खिडकीतून पाहत होता, ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपार कलली तेव्हा मी टेबलाखाली वाकलो आणि घरघर ऐकू आली. जुन्या गेटवेवर लाल कापड, वर झेंडूचा हार. कापडाखाली हात घातला. गरम! तो चालू होता. एका पत्त्यावर दोघं, म्हणून पीसी कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे धावत होते.

"हा कोणी चालू केला?"

"मीनं," मॅनेजर म्हणाले. "बंद यंत्राची कायची पूजा? दिवा लागला पाहिजे ना त्याचा."

असा संताप आला की हार-बीर न बघता मी वायर उपसून फेकली. "अहो, कुंकू सांडलं!" ते ओरडले. सांडू दे, मी म्हटलं, सांडू दे सगळं!

स्क्रीन लागली ती तुटली नाही. पहिला पास त्या ड्रायव्हरच्या गाडीचा निघाला. मी तो घेऊन धावतच बाहेर आलो. तो कडुनिंबाखाली बाकावर बसला होता, फोन मांडीवर.

"झालं, साहेब. दिली मिट्टी त्यायनं."

मी पास पुढं केला. त्यानं घेतला नाही, नुसता रांगेकडे हात केला.

"मले आता कायची घाई? मांगच्यायले काढा आधी."