स्क्रीनवर शिक्का कुठे मारू?

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

लालबागला आमचा मसाल्याचा छोटा धंदा आहे. पहिल्यांदाच माल दुबईला चालला होता. कस्टम्सचं काम आता एकाच पोर्टलवर होतं म्हणे, म्हणून घरबसल्या अर्ज भरला. आज सकाळी मंजुरीही आली.

तरी गोदीत माल अडवला. मोबाईलवर मंजुरी दाखवली, तर तिथले साहेब म्हणतात, "मॅडम, स्क्रीनवर शिक्का कुठे मारू? प्रिंट आणा."

भर उन्हात झेरॉक्सवाला शोधून प्रिंट आणली. साहेबांनी तिच्यावर शिक्का मारला, ती स्कॅन केली आणि माझ्यासमोर त्याच पोर्टलवर चढवली!

तोवर बोटीवर माल घ्यायची वेळ संपली होती. बोट गेली.

आता तुम्हीच सांगा, दुबईच्या गिऱ्हाइकाला काय पाठवू? शिक्का?