तुमच्यात चालत न्हाय

"नारळ इकडं द्या, कोच. तुमच्यात चालत न्हाय न्हवं?"

असं म्हणत आबांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला. हसत. आबा म्हणजे बारामतीतल्या आमच्या फुटबॉल अकॅडमीचे अध्यक्ष. नारळ सकाळी मंडईतून मीच आणला होता. मैदानावरची फक्कीही मीच मारली होती, पहाटे, वाकून वाकून. पांढरी भुकटी अजून नखांत होती. आणि मैदानाच्या पूजेची वेळ आली तेव्हा मी रेषेच्या बाहेर.

"आपण परत्येकाच्या धर्माचा मान राखतो," आबा पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी 'वा' म्हणालं.

कुणी शिवी दिली नाही. कुणी ढकललं नाही. हल्ली ढकलत नाहीत, हल्ली मान राखतात.

नारळ फोडायची मला हौस नाही. आजोबांनी दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, त्यानंतर शेळगावच्या आमच्या घरात पूजेचा नारळ फुटलेला नाही. कामावर घेताना आबांनी विचारलं होतं, "पूजाबिजा चालती का तुमच्यात?" मी ताठ मानेनं सांगितलं, नाही, आम्ही बौद्ध. ते उत्तर त्यांनी जपून ठेवलं. पूजेला चालत नाही म्हणून मी बाजूला. पूजेनंतर लगेच फोटो निघतो म्हणून फोटोतून बाजूला. सत्काराला श्रीफळ असतं म्हणून सत्कारातूनही बाजूला. नारळ आणायला मात्र मी चालतो.

आमच्या इंदापूर तालुक्यात पोरं क्रिकेट खेळतात, नाहीतर कबड्डी. मला फुटबॉल भेटला पुण्यात, वसतिगृहात असताना. मग पुण्यातल्याच एका क्लबात वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक. खालचं डिव्हिजन. पेपरात नाव येत नाही, बूट फाटले की शिवून घालायचे, आणि मॅच संपली की बसच्या थांब्यावर चिखलानं भरलेलं उभं राहायचं. तिथं एकदा कप्तानाची पट्टी माझ्या दंडावर यायची होती. मॅनेजरनं खांद्यावर हात ठेवला. "तू समजूतदार आहेस, समजून घेशील." पट्टी दुसऱ्याला गेली. मी हसलो. मुकी बिचारी कुणीही हाका. पुढं गुडघा गेला, खेळ संपला, गावाकडं आलो आणि कोच झालो.

पोरींच्या संघाची कप्तान होती काजल. कळस गावची. आमच्याच समाजातली. वडील एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बॉल पायाशी आला की ही पोर आधी मान वर करून बघायची, मग पास द्यायची. हे शिकवून येत नाही. मला तरी कधी आलं नाही. आणि आमच्याकडं पायंडा असा की जी कप्तान, तिलाच अकॅडमी जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाठवते. एकीलाच. काजल रात्रंदिवस त्या चाचणीचंच बोलायची.

तर, नारळ आबांच्या हातात. पूजेनंतर लगेच पोरींची मॅच होती, आणि पूजेला कप्तान लागते. आबांनी आपल्या नातीला पुढं केलं. ती पोर एरवी बेंचवर बसायची. तिचा काही दोष नाही, तीच भेदरली होती.

"पट्टी हिला बांधा," आबा म्हणाले. "काजलच्या घरीबी चालत न्हाय. उगं पोरीला अडचण नगं."

"म्हणजे चाचणीला?" मी विचारलं.

"कप्तान जाती की. दरवर्षीसारखं."

गोड बोलून काटा काढणं म्हणजे काय ते तिथं शिकावं. मी काही बोलायच्या आत काजलनं पट्टी दंडावरून ओढून काढली आणि माझ्यापुढं धरली.

"घ्या सर. भांडू नगा."

ती हसत होती. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं ते. एवढीशी पोर, आणि आपलं देऊन टाकायला शिकलीसुद्धा. मला भडभडून आलं, आणि त्याच वेळी संतापानं कानशिलं तापली.

"न्हाय," मी म्हणालो.

शेजारी माईक चालू होता. शब्द मैदानभर गेला. पाहुणे वळून बघायला लागले. मग मी माईककडं तोंड करूनच बोललो, "कप्तान काजलच. नारळ कुणीबी फोडा." आणि पट्टी तिच्या दंडावर परत चढवली.

आबांचं हसू हललं नाही. "बरं बरं. खेळू द्या," म्हणाले.

आम्ही हरलो. काजलनं पेनल्टी बाहेर मारली. सिनेमात होतं तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अकॅडमीच्या शिपायानं मला फाटकातच अडवलं. "आत न्हाय सोडायचं म्हणलेत, सर," खाली बघत म्हणाला. संघातून काजलही गेली. तिच्या वडिलांचा बागायतदार आबांचा सोयरा निघाला. पोरीला खेळातनं काढ, नाहीतर ट्रॅक्टरची चावी ठेव, असं त्यानं सांगितलं. साधं, सरळ. तिथं धर्माचा मान वगैरे काही नव्हतं.

मग आबांचा निरोप आला. सगळ्या पोरींसमोर माफी मागा. 'चुकलं' म्हणा. तुम्ही पण या, काजल पण येईल, चाचणीलाही तीच जाईल.

निरोप घेऊन काजलची आई शेळगावला आली. दारातच उभी राहिली, पाणीही घेतलं नाही.

"सर, दोन शब्दच हायत. म्हणून टाका."

"आणि न्हाय म्हणलं तर?"

"तुमचा ताठा ऱ्हाईल, सर. पोर आमची घरात बसंल."

ती खोटं बोलत नव्हती. मी खूप विचार केला. आबांसमोर उभं राहून ते शब्द म्हणताना स्वतःला बघितलं. जमलं असतं मला. आयुष्यभर तेच जमवत आलो होतो. म्हणून तर भीती वाटली.

मी कळसला गेलो. काजल टोमॅटो तोडत होती. बांधावर उभा राहून तिला सांगितलं, मी माफी मागणार नाही.

ती थांबली. "मग मी?"

तिनं क्रेट उचललं आणि पुढच्या सरीत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चाचणी झाली. आबांची नात गेली, पहिल्याच फेरीत बाहेर पडली. काजलसाठी आता स्थळ बघतायत असं ऐकतो.

मी पोटासाठी माळेगावात एका गॅरेजवर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो. संध्याकाळी कालव्याकडेच्या पडीक तुकड्यात बॉल घेऊन जातो. कधी दोन-तीन पोरी येतात. पुष्कळदा कुणीच येत नाही. आयांना माझं नाव सांगितलं की त्या पोरींना आत बोलावतात. समाजातलेही म्हणतात, जरा वाकला असता तर काय बिघडलं असतं?

काजलचं भलं झालं असतं, हे मलाही माहीत आहे. ते रोज टोचतं. पण ती चाचणी तिच्या हक्काची होती. हक्काची वस्तू आबांनी हिसकावली आणि माझ्या माफीच्या बदल्यात परत देऊ केली. मी ती घेतली असती, तर हिसकावणाराच दाता ठरला असता आणि पुढच्या पोरीचीही किंमत ठरून गेली असती.

आबांचा निरोप अजून अधूनमधून येतो. दार उघडं आहे म्हणतात. असू दे उघडं. अपराध त्यांचा आहे. माफी मी मागणार नाही. काजलसाठीसुद्धा नाही.