तिसऱ्या अंकातला बाप

नऊ जानेवारी, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. बल्लारपूरच्या घरी ओट्यावर दात घासत होतो. पोंभुर्ण्याकडच्या एका गावातून नाट्यमंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला.

"भाऊ, आत्ताच्या आत्ता या. आपला दारुडा नाई म्हणून राह्यला."

नाटक माझे होते आणि त्याच रात्री होते. गुळणी केली आणि गाडी काढली.

मी कोणाच्या नोकरीत नाही. सांगतील ते लिहितो. झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटके, लग्नाची मंगलाष्टके, निवृत्तांची मानपत्रे. या कामात फजिती ठरलेली असते. मागे एका मुख्याध्यापकांसाठी लिहिलेले मानपत्र छापखान्याच्या गोंधळात शंकरपटावर, बैलांच्या शर्यतीला, गेले आणि जिंकलेल्या बैलजोडीपुढे वाचले गेले. कोणाला काही खटकले नाही. मजकूर पुन्हा पाहिला तेव्हा मलाही खटकला नाही.

आमच्या भागात गावात नाटक असले की घरोघरी पाहुणे उतरतात. लेकी-जावई येतात, व्याही येतात आणि त्याच गर्दीत सोयरिकी ठरतात. मुलगी पाहायला निराळा दिवस कोणी काढत नाही. हे मी जन्मभर पाहिले आहे. नाटक लिहिताना मात्र ध्यानात आले नाही.

दारुड्या बापाची भूमिका गावातल्या पीठगिरणीवाल्याकडे होती. मी पोहोचलो तेव्हा तो मंडपात रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला होता. त्याच्या मुलीला पाहायला गडचिरोलीकडचे लोक दुपारी येणार होते. मुलाला मुलगी पसंत होती, मुलीलाही मुलगा. अडत होते ते मुलाच्या आईपाशी. तिच्या थोरल्या लेकीचा संसार नवऱ्याच्या दारूने मोडला होता. तेव्हापासून ती कोणाच्याही दारात आधी एकच विचारत असे, या घरात कोणी पिते का. एका घरून तर ती पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठली होती.

"मी जिंदगीत थेंब नाई घेतला, भाऊ," गिरणीवाला म्हणाला. "पण स्टेजवर असा झुलतो, का गावचेच लोक विचारतेत, काऊन रे, खरीच मारून आला का?"

"त्यायच्याकडे दारूबंदी आहे," अध्यक्ष म्हणाला. "त्यायले वास लवकर येते."

"नाटक आहे, हे त्यांना सांगा," मी म्हणालो.

"सांगून का होते? रातभर तिच्यासमोर मी बायकोले मारणार, घरातले भांडे विकणार. सकाळी ती मले कोणच्या डोळ्यानं पाहीन?"

दुसरा नट उभा करावा, तर एवढी भाषणे एका दिवसात कोणाला पाठ होणार. मी म्हणालो, संहिता बदलणार नाही. तिसऱ्या अंकातले त्या बापाचे स्वगत हे माझ्या हातून उतरलेले त्यातल्या त्यात बरे लेखन होते. गिरणीवाला वाद घालत बसला नाही. नुसता रस्त्याकडे पाहत राहिला. चहा घेऊन त्याची मुलगी आली होती. तिने कप ठेवले आणि कोणाकडे न पाहता परत गेली.

मी चहा घेतला आणि पेन उघडले.

बापाने घर बुडवलेच पाहिजे, त्याशिवाय नाटक उभे राहत नाही. प्रश्न एवढाच, की कशाने बुडवावे.

"जुगार," मी म्हणालो.

"म्हणजे वावर गेलं. पोरीच्या मागं काई नाई असं समजतीन."

"आजार. झटके येतात."

"अरे बाप! ते तं पोरीच्या रक्तात आलं. त्याच्यापेक्षा दारू बरी."

"वेड?"

अध्यक्षानेच हात जोडले. "भाऊ, आता थांबा. लगन जुळवाचं आहे का मोडाचं?"

"याले सावकार करा, दारुडा मी होतो," असे सावकाराची भूमिका करणारा म्हणाला. पण सावकार तिसऱ्या अंकात पोरीवर हात टाकतो. ते तर मुळीच चालणार नव्हते.

गिरणीवाल्याची बायको रिकामे कप न्यायला आली होती. ती बराच वेळ ऐकत उभी होती.

"लेखक करा ना त्याले," ती म्हणाली. "दिवसभर घरी बसते, घरात काई आणत नाई. कोणी काई म्हटलं तं अंगावर येते. दारू कायले पायजे?"

मंडपात कोणी हसले नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी तिला बसायला सांगितले नाही, पण पाने उलटू लागलो.

दुपारपर्यंत काम झाले. फारसे नव्हतेच. बाटलीच्या जागी वही केली, गुत्त्याच्या जागी छापखाना. नवऱ्याने हात उगारावा तिथे त्याने नुसती पाठ फिरवावी असे केले. बायकोची सगळी भाषणे मात्र होती तशीच राहिली. त्यांत एक शब्दही बदलावा लागला नाही. हे ध्यानात आल्यावर मी थोडा वेळ पेन खाली ठेवले.

तालीम चालू असतानाच पाहुणे आले. मुलाची आई उंच, सडसडीत बाई. घरी न जाता थेट मंडपात आली. गिरणीवाला हातात वही धरून स्वगत म्हणत होता आणि जुन्या सवयीने झुलत होता.

"हा असा झुलते काऊन?" तिने मला विचारले.

"तो लेखक आहे."

"लेखक झुलतेत का?"

"बैठक फार होते. कंबर धरते."

तिने मला नीट न्याहाळले. "अन् तुमी का करता, भाऊ?"

"मी लेखक आहे."

ती वळली आणि गिरणीवाल्याच्या घरी गेली. मीही गेलो, कारण जेवण तिथेच होते. पाटावर बसण्याआधी तिने आपली चौकशी केली. घरात कोणी पीत नाही, असे शेजारच्या दोघी बायांनीही सांगितले. मग तिने गिरणीवाल्याच्या बायकोला जवळ बोलावले आणि आवाज न उतरवता विचारले, "अन् खऱ्यात लिहीत-गिहीत तं नाई ना कोणी?"

"नाई वो बाई. गिरणीचा हिशोबही पोरगीच लिहिते."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढ्यातला चहाचा कप उचलला. मुलगी आतल्या दारात उभी होती. तिने चौकट धरली होती, ती सोडली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कधी करायचा यावर बोलणे सुरू झाले. मला कोणी विचारले नाही. मी वरणभात संपवला.

संध्याकाळी वेशाचा प्रश्न आला. दारुड्याचा फाटका बनियन लेखकाला कसा घालणार, असे अध्यक्षाला वाटले. मला काही फार फरक वाटला नाही. शेवटी माझे जाकीट मागितले. मी खिशातली गाडीची किल्ली काढून घेतली आणि जाकीट दिले.

नाटकाला थांबलो नाही. थंडी पडू लागली होती आणि अंगात सदरा तेवढाच होता. मंडपातले एक जुने वर्तमानपत्र घेतले, घडी करून सदऱ्याच्या आत छातीशी घातले, गळ्यापर्यंत बटणे लावली आणि गाडीला किक मारली.