तातडीचा अर्ज, दोन्ही बाजूंनी

युवराज सर कुठलीही स्पर्धा परीक्षा शेवटपर्यंत पास झालेले नाहीत. तरी करोल बागेतली सगळी मराठी मुलं त्यांना सर म्हणतात. मीही म्हणतो. मी त्यांच्याबरोबर एका खोलीत राहतो आणि त्यांचे मोजे कुठे वाळत असतात हे मला माहीत आहे. पण दुसरं काही तोंडात येत नाही.

गाव परांड्याजवळ. वय तेहतीस. यूपीएससीचे सगळे प्रयत्न देऊन झाले. मुख्य परीक्षेपर्यंत चारदा पोचले, मुलाखतीपर्यंत एकदा. आता एका क्लासच्या मुलांच्या उत्तरपत्रिका खोलीवरच तपासतात. लाल पेन, डाव्या हाताला गठ्ठा, उजव्या हाताला गठ्ठा. खाली गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. गिऱ्हाईक हॉर्न वाजवून बघतं, मगच घेतं. त्या आवाजात सर दिवसाला चाळीस पेपर तपासतात आणि प्रत्येकावर तेच लिहितात : दुसरी बाजू कुठे आहे?

त्यांचं उत्तर कसं असावं हे ठरलेलं आहे. आधी प्रस्तावना. मग मुद्दे, वेगवेगळ्या परिमाणांतून. मग दुसरी बाजू. एक आकृती. शेवटी पुढचा मार्ग, आशावादी. अडीचशे शब्द, अकरा मिनिटं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीचं पाणी गेलं तेव्हा त्यांनी घरमालकाला असंच पत्र लिहिलं होतं. पाणी आलं नाही. घरमालकानं पत्र मात्र मुलाला दाखवायला ठेवून घेतलं.

लग्नही असंच जमलं. एक गाववाला फरीदाबादच्या हॉस्पिटलात डेंग्यूनं पडला होता. सर बघायला गेले. सलाइन लावायला आलेली नर्स बार्शीची निघाली. सरांनी तिला देशातल्या नर्सच्या तुटवड्याची तीन कारणं आणि चार उपाय सांगितले.

"पाचवा उपाय," ती म्हणाली, "खुर्ची सोडा. सकाळपासून उभी आहे मी."

त्या भक्तीवहिनी. वर्षभरानं लग्न झालं. त्यानंतर चार महिन्यांनी त्यांना कॅनडात नोकरी लागली, विनिपेगला. त्या गेल्या. सरांनी नवरा म्हणून तिकडे जाण्याचा अर्ज भरला. लग्नाचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट, दोघांच्या घरच्यांची पत्रं, सगळं जोडलं. चॅटमध्ये वहिनींचे 'जेवलास का' होते आणि सरांची चालू घडामोडींची पीडीएफ होती. मग वाट बघणं सुरू झालं. साइटवर एकच वाक्य दिसायचं, अर्ज प्रक्रियेत आहे. सर रोज सकाळी दूध आणायच्या आधी ते वाक्य वाचायचे.

जानेवारीत वहिनी तीन आठवड्यांसाठी येऊन गेल्या. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, दिवस गेलेत, ऑक्टोबरची अकरा तारीख. सर दोन दिवस पेपर तपासताना हसत होते. एका मुलाला त्यांनी चुकून पूर्ण गुण दिले. तो मुलगा विचारायला आला, सर काही चुकलं का.

पण जुलै संपला तरी वाक्य तेच. अर्जाला चौदा महिने झाले होते. वहिनींचे वडील आजारी, त्यामुळे आईला त्यांना सोडून जाता येणार नव्हतं. तिकडे आपलं म्हणावं असं कोणी नाही. मग कोणीतरी सांगितलं, लवकर निकाल द्या अशी विनंती ऑनलाइन करता येते. सबळ कारण पाहिजे आणि कागद पाहिजेत.

सर टेबलाशी बसले. मोबाइलवर अकरा मिनिटं लावली. दहाव्या मिनिटाला पेन ठेवलं.

"तू साहित्याचा," मला म्हणाले. "भाषा बघ जरा."

मी वाचलं. इंग्रजी उत्तम होतं. प्रस्तावनेत जगभरातल्या विभक्त कुटुंबांचा प्रश्न होता. पुढे सामाजिक, आर्थिक, मानसिक आणि घटनात्मक परिमाणं. घटना आपली होती. मग आकृती. मध्ये गोल, त्यात 'कुटुंब', भोवती सहा बाण. ती फुटपट्टीनं काढली होती, स्कॅन करून जोडायची होती. मुद्दा सातवा, 'इतर परिमाणं'. त्याखाली अ, ब आणि क. क असा होता : अर्जदाराची पत्नी गर्भवती आहे.

त्यानंतर दुसरी बाजू.

दुसरीकडे हेही खरं की कार्यालयाकडे मनुष्यबळ मर्यादित आहे. एकाचा अर्ज पुढे घेणं म्हणजे रांगेतल्या इतरांवर अन्याय. शिवाय घाईनं दिलेल्या व्हिसामुळे खोट्या लग्नांना उत्तेजन मिळू शकतं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. नवऱ्याच्या व्हिसाच्या अर्जात ते वाक्य होतं. मी सरांकडे पाहिलं. ते समाधानानं पेनाला टोपण लावत होते.

मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. याहून जास्त काही करता आलं नाही. सर होते ते.

उत्तर नऊ दिवसांत आलं. तीन ओळी. आपली विनंती वाचली, तातडीचं कारण स्पष्ट होत नाही, अर्ज नेहमीच्या क्रमानं बघितला जाईल.

संध्याकाळी वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. त्या ओट्याशी उभ्या राहून ओट्स खात होत्या.

"कारण स्पष्ट होत नाही म्हणजे काय?" त्या म्हणाल्या. "पोट दिसत नाही का त्यांना? काय लिहिलं होतंस? वाच."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सरांनी वाचलं. वाचताना त्यांना ठळक शब्दांवर जोर द्यायची सवय आहे. दुसरी बाजू आली तेव्हा चमचा थांबला.

"थांब. हे दुसरीकडे कोण म्हणतंय?"

"मीच."

"आणि पहिलीकडे?"

"तेपण मीच."

"वा. म्हणजे त्या बिचाऱ्या साहेबाला कामच ठेवलं नाही. नकार पण तूच लिहून पाठवलास."

"भक्ती, एकांगी लिहिलं की मार्क जातात."

"कोण देतंय मार्क? तू कोणाच्या बाजूनं आहेस, सर?"

वहिनी त्यांना एरवी युवराज म्हणतात. सर म्हणाल्या की काही खरं नसतं.

"आणि मी कुठंय यात?"

"आहेस की. सातव्या मुद्द्यात."

"सातव्या."

"क मध्ये."

वहिनींनी ओट्सची वाटी बाजूला ठेवली. खाली कोणीतरी ट्रकचा हॉर्न घेत होतं. तीनदा वाजवला.

"कौस्तुभ, तू आहेस तिथे?"

"हो वहिनी."

"तू वाचलं होतंस हे?"

"हो."

"एमए ना तू?"

"हो."

"मग?"

"स्वल्पविराम बघितले."

"छान," वहिनी म्हणाल्या. "दोघं मिळून एक माणूस होत नाही. डॉक्टरचं पत्र पाठवते आज. परत लिहा. आणि यार, मी पहिल्या ओळीत पाहिजे." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरांनी पहिलं वाक्य लिहिलं, जागतिकीकरणाच्या युगात. मी खोडलं. त्यांनी लिहिलं, कुटुंबसंस्था ही. मी खोडलं.

"एक ओळ तरी पार्श्वभूमी."

"नको."

"समोरच्याला संदर्भ कसा कळणार?"

"सर, तुम्हाला तिकडे का जायचंय?"

"सांगितलं की. सात मुद्दे आहेत."

"मुद्दे नको. का जायचंय?"

ते पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चिडले. मग म्हणाले, "ती पडली होती. मार्चमध्ये. बसस्टॉपवर, बर्फावरून घसरून. मला दोन दिवसांनी सांगितलं. ती पडली तेव्हा मी शिमल्याच्या सफरचंदांवर क्लाससाठी नोट्स काढत होतो."

मला हसू आलं आणि हसता येईना.

"लागलं नव्हतं," सर म्हणाले. "पण उचलायला कोणी नव्हतं. स्वतःच उठली आणि ड्यूटीला गेली. डोळे मिटले की तेच दिसतं मला. आणि मी तो बसस्टॉप पाहिलेलाही नाही."

मी ते लिहून काढलं. पाच वाक्यं झाली. माझी पत्नी अकरा ऑक्टोबरला बाळंत होईल. ती एकटी आहे, त्या देशात आमचे कोणी नातेवाईक नाहीत. मार्चमध्ये ती बर्फावर पडली आणि उचलायला कोणी नव्हतं. डॉक्टरचं पत्र जोडलं आहे. बाळंतपणाआधी निर्णय द्यावा ही विनंती.

सरांनी लाल पेन उघडलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे सातवीतलं पोरगंपण लिहील."

"हो."

त्यांनी ते टाइप केलं, डॉक्टरचं पत्र जोडलं आणि पाठवलं. मग उठून खिडकीशी गेले.

"आकृतीपण जोडली," तिकडे तोंड करून म्हणाले.

"सर!"

"अरे, चांगली आली होती."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेल आला, पासपोर्ट पाठवा. सरांनी तो खोलीत उभं राहून मोठ्यानं वाचला. मग खाली जाऊन हॉर्नवाल्यांना चहा पाजला. चौघांनी त्यांच्या सन्मानार्थ एकदम हॉर्न वाजवले. वर येऊन मला एकच शब्द म्हणाले.

"आकृती."

मी वाद घातला नाही. कोणाला माहीत.

पासपोर्ट परत यायला महिना गेला. गांधी जयंतीची सुट्टी मध्ये आली. तीन तारखेला हातात पडला, तिकीट सहाचं मिळालं. परांड्याहून सरांच्या आईनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू पाठवले होते, एका गावकरी फौजीबरोबर. तो कॅन्टोन्मेंटमधून स्वतः डबा द्यायला आला.

सहा तारखेला सकाळी आम्ही मेट्रोनं निघालो. धौला कुआँला वहिनींचा मेसेज आला : दुपारपासून कळा येतायत, हॉस्पिटलात आहे, तू निवांत ये. सरांनी तो मला दाखवला. मग परत घेऊन स्वतः वाचला. विमानतळ येईपर्यंत बसलेच नाहीत. उभं राहिल्यानं मेट्रो लवकर पोचते असं त्यांना वाटत असावं.

गेटवर ते माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरकलो. आठ वर्षांनी लहान आहे मी. त्यांना आपण काय करतोय हे कळत नव्हतं.

पुढचं त्यांनी दीड तासानं आतून फोन करून सांगितलं. सिक्युरिटीला पट्टा, घड्याळ आणि फोन ट्रेमध्ये ठेवला. ट्रे मशीनकडे सरकला आणि फोन वाजायला लागला. व्हिडिओ कॉल. जवान म्हणाला, "फोन किसका है?"

"मेरी बीवी का," सर म्हणाले.

"मतलब फोन आपका है?"

"हाँ. डिलिव्हरी है."

"कुरिअर?"

"बच्चा!"

तोवर ट्रे आत गेला होता. वाजत वाजत गेला. सर डिटेक्टरच्या चौकटीतून एका हातानं पँट धरून पळाले आणि पलीकडून फोन उचलला. वहिनींचा घामेजलेला चेहरा. छातीशी काहीतरी गुंडाळलेलं. मुलगी.

"पट्टा घातला का नाही मग?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"अजून कुठे. आधी त्यांनी बॅग उघडायला लावली. लाडवांचा डबा स्क्रीनवर विचित्र दिसला म्हणे. बावीस गोळे. मी म्हटलं, बेटी हुई है, ये उसी के लिए. जवानानं डबा हुंगला. म्हणाला, तो मुँह मीठा कराओ. त्याला दिला. त्याच्या मॅडमला दिला. मागे एक सरदारजी होते, त्यांनी मागून घेतला."

"उरलेत का?"

"एकोणीस."

त्यांच्यामागे कुठल्यातरी विमानाची सूचना चालू होती.

"उशीर झाला रे," ते म्हणाले.

"हो सर."

"पोचायला अजून वीस-बावीस तास आहेत. ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मला झोप आलीये, तुझं भाषण उद्या." त्यांनी श्वास घेतला. "आता दोघी झोपतील. मग लेकरू भुकेनं उठेल. मग परत झोपेल. नुसतं झोपणं-उठणंच असतं म्हणे सुरुवातीला."

"असेल."

"म्हणजे उद्या कधीतरी ती उठेल आणि तेव्हा मी तिथे असेन," सर म्हणाले. "थांब, पट्टा घालतो."